आधी कळलेली गोष्ट
(हीरकमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम, बेंगळूरु येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



काल रात्री बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघाले आणि आज सकाळी यशवंतपूरला उतरले. निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'शाळेची वाटचाल' असा छापला आहे. त्यावर बोलणारे माझ्याहून जाणते वक्ते येथे आहेत. मी निराळ्या विषयाची परवानगी मागते.

आपले अनेक विद्यार्थी या शहरात वित्तसंस्थांमध्ये नोकरी करतात. त्यांच्यापैकी एकजण मध्यंतरी शाळेत आला होता. त्याच्या बोलण्यात 'फ्रंट रनिंग' हा शब्द आला. मी अर्थ विचारला, तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्हाला काय सांगायचं? पेपर फुटणंच ते."

त्याने उलगडून सांगितले. मोठा फंड एखाद्या कंपनीचे लाखो समभाग घेणार असतो. एवढी खरेदी झाली की भाव चढतो. ही मागणी ज्या तरुणाच्या हातून बाजारात जाते, त्याला ती आधी ठाऊक असते. त्याने आपल्या माणसाच्या कानावर घातले, त्या माणसाने आधी खरेदी केली आणि भाव वाढताच विकून टाकले, की झाला नफा. तो आकाशातून पडत नाही. फंडाला तेच समभाग महाग पडतात आणि फंडात पैसे ठेवणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या पदरात तेवढे कमी पडते.

आपल्या देशातले असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पासपोर्ट इंडिया हा मॉरिशसमार्गे येथे गुंतवणूक करणारा परदेशी फंड. त्याच्या पोर्टफोलिओ मॅनेजरने फंडाच्या येऊ घातलेल्या सौद्यांची माहिती नात्यातल्या दोन भावांना दिली. सेबीने कारवाई केली. हे भाऊ दलाल वा मध्यस्थ नाहीत, सबब नियम त्यांना लागू होत नाही, असे अपील न्यायाधिकरणाने 2012 मध्ये म्हटले. 20 सप्टेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि ही फसवणूकच ठरवली. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मला त्यात बोचले ते नाते. माहिती गेली ती घरातल्या माणसांकडे.

पालकांसाठी आणखी एक उदाहरण अमेरिकेतले आहे. मॅथ्यू मार्टोमा हा तेथे स्थायिक झालेल्या केरळी कुटुंबातला हुशार मुलगा. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात शिकताना त्याने गुणपत्रकातल्या श्रेणी बदलल्या, बी होते तेथे ए केले. ते गुणपत्रक न्यायाधीशांकडे नोकरीच्या अर्जासोबत गेले आणि 1999 मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्याने दिलेले स्पष्टीकरण असे, की हे खोटे गुणपत्रक मुळात आईवडिलांना दाखवण्यासाठी केले होते! त्याआधी पदवीसाठी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला नव्हता, तेव्हा वडिलांनी अठराव्या वाढदिवसाला एक कोरीव पाटी भेट दिली होती. वडिलांचे स्वप्न धुळीला मिळवणारा मुलगा, अशा अर्थाची. मी शिक्षिका आहे. ही पाटी वाचून मी पुस्तक मिटले.

पुढे तो एसएसी कॅपिटल या हेज फंडात लागला. स्मृतिभ्रंशावरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीचे निकाल जुलै 2008 मध्ये एका वृद्ध डॉक्टरकडून त्याने जाहीर होण्यापूर्वीच मिळवले. फंडाने समभाग विकून टाकले. मिळालेला नफा आणि टळलेला तोटा मिळून सुमारे साडेसत्तावीस कोटी डॉलर! त्या वर्षी त्याला नव्वद लाखांहून अधिक डॉलरचा बोनस मिळाला. दोन वर्षांनी त्याच फंडाने त्याला घरी बसवले. 2014 मध्ये त्याला नऊ वर्षांचा कारावास झाला.

आता माझी स्वतःची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वर्षी दहावीच्या पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर मी काढला होता. माझ्या बहिणीची मुलगी त्याच वर्गात होती. बहीण म्हणाली, "पेपर कोण मागतंय? नुसता निबंध कुठला ते सांग. घरातलीच आहे ती." मी निबंधाचे नाव घेतले नाही. "पावसावरचा एकदा नीट लिहून बघ," एवढेच भाचीला म्हटले. त्या वेळी मला ते मावशीचे प्रेम वाटले होते.

पूर्वपरीक्षेत भाची पहिली आली. दुसऱ्या मुलीत आणि तिच्यात दोन गुणांचे अंतर होते. त्या वर्षी शाळेने पहिल्या क्रमांकाला पुस्तकांचा संच दिला होता आणि दुसऱ्या मुलीच्या घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. हे मला ठाऊक होते, कारण तिची वर्गशिक्षिका मीच होते.

पुढे मी मुख्याध्यापिका झाले. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याची मोहोर पर्यवेक्षकांना दाखवून मगच उघडायची, हा नियम मी किती कठोरपणे पाळते, हे तेव्हाचे विद्यार्थी सांगतील. काहींना तो माझा तऱ्हेवाईकपणा वाटे. त्याचे कारण आज प्रथमच सांगते आहे.

ती दुसरी आलेली मुलगी आज बेंगळुरात असते. येथे बोलण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी, म्हणून गेल्या आठवड्यात मी फोन केला आणि सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बाई, तो संच मी नंतर तुमच्या भाचीकडूनच मागून वाचला. पण परत करायची घाई असायची."