चावडीवरचा कागद

(शिरगाव, ता. मावळ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिरगाव परिसरातील मंडळींना मुंबईचा डबेवाला परका नाही. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतूनच त्या व्यवसायातील बहुसंख्य माणसे मुंबईस गेली. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली दोनचार अक्षरे आणि आकडे, एवढेच त्यांचे लेखन. डबा कोणत्या स्थानकावरून आला, कोठे उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हे त्यावरून कळते. गिऱ्हाइकाचे नाव त्यावर नसते. फलाटावर घाईने डबे लावणाऱ्याला नावाचा उपयोग नाही. हे लेखन घडविणाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण बेताचेच होते. परंतु वाचणारा कोठे उभा आहे आणि वाचून त्याला पुढे काय करावयाचे आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

याच मावळात चावडीवर लागणारा भूमिसंपादनाचा कागद पाहावा. ‘सदरहू अधिसूचनेन्वये उपरोक्त क्षेत्रामध्ये हितसंबंध असणाऱ्या व्यक्तींनी विहित मुदतीत लेखी हरकती दाखल कराव्यात’ अशा धर्तीची त्यातील वाक्ये. वाचणारा भातलावणी सोडून आलेला असतो, किंवा तळेगावच्या कारखान्यातील पाळीवर निघालेला. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये हरकतीस साठ दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गांच्या १९५६ च्या कायद्याखाली अवघे एकवीस. विहित मुदत म्हणजे यांपैकी कोणती, हे त्याने कोणास विचारावे? अधिसूचना स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी, असे २०१३ चा कायदा सांगतो. ती मराठीत असते, हे खरे. पण मावळात कोणी कोणाशी त्या मराठीत बोलत नाही.

मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला, तेव्हा भूमिसंपादनाच्या कायद्यात शेतकऱ्याला हरकत नोंदविण्याची तरतूदच नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने आली. इतक्या उशिरा मिळालेला हक्क केवळ एक वाक्य उलगडले नाही म्हणून हातचा जावा, हा लहानसहान अन्याय नव्हे.

शासनाकडे बोट दाखविताना पक्षाची पत्रकेही तपासावयास हवीत. पहिला परिच्छेद जागतिक भांडवलशाहीच्या अरिष्टाला, दुसरा केंद्राच्या धोरणाला. मोर्चाची तारीख अगदी तळाशी, मुद्रकाच्या नावाच्या जराशी वर. अशा पत्रकाच्या पाचशे प्रती वाटल्या आणि प्रत्येक वाचकाची दोन मिनिटे तारीख शोधण्यात गेली, तर हजार मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ वाया जातो. लिहिणाऱ्याने तासभर अधिक बसून तो वाचविला असता. श्रमाचे मोल सांगणाऱ्यांनी वाचकाच्या श्रमाची अशी उधळपट्टी करावी, हे विसंगत आहे. मग तत्त्वविचार गाळावयाचा काय? मुळीच नाही. त्याला अभ्यासवर्ग आहेत, साप्ताहिक आहे, आणि सवड काढून येणारा श्रोता आहे. एसटीच्या थांब्यावर उभा असलेला माणूस तो श्रोता नव्हे.

थोडक्यात लिहिण्याचा आग्रह नेहमीच लोकांच्या बाजूचा असतो, असेही नाही. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अर्ज एकाच विषयावर, साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा, असे ठरले. सरकारी दप्तर कसे लावलेले असते हे ज्याला माहीत नाही, त्याला नेमके आणि थोडक्यात मागणे कठीणच. त्याच्या शब्दांना मर्यादा. त्याची जमीन घेणाऱ्या नोटिशीच्या शब्दांना मात्र कसलीच नाही! संक्षेपाचे बंधन आधी सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्यावर हवे. ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे यावयास हरकत नाही.

तोवर मावळातील कार्यकर्त्यांना एक काम करता येईल. संपादनाची नोटीस लागली की त्याच दिवशी तिच्या शेजारी चार ओळींचा कागद लावावा: गट क्रमांक, जाणारे क्षेत्र, हरकतीची अखेरची तारीख, आणि हरकत कोणत्या कार्यालयात द्यावयाची. ‘साठ दिवसांच्या आत’ असे लिहू नये. दिवस मोजून तारीख घालावी, वारासह. हरकत दिल्यावर पोच घ्यावी, एवढी एक सूचना वाटल्यास जोडावी. अक्षर ठळक, चष्म्यावाचून वाचता येईल असे. पक्षाचे नाव तळाशी, बारीक.