शिवेपलीकडचा माणूस

शब्दांच्या गप्पांमध्ये आज एक जड शब्द घेतलाय: पेरिग्रिनेशन. कोशात बघाल तर अर्थ मिळेल लांबलचक प्रवास, देशोदेशीची भटकंती. हल्ली तो जरा गमतीनंच वापरतात. कोणी काका निवृत्त झाल्यावर चार महिने युरोप पालथा घालून आले, की त्यांच्या त्या फिरण्याला हा शब्द शोभतो.

पण याच्या मुळाशी चालणं नाहीच. मुळाशी आहे शेत.

लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेत, शिवार. इंग्रजीतला 'एकर' त्याच घरातला, आणि संस्कृतातला 'अज्र' हाही त्यांचा भाऊबंद. त्याच्या आधी 'पेर' लागला, म्हणजे पार, पलीकडे. शिवाराच्या पलीकडून आलेला तो 'पेरेग्रिनस'. आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो, सोनं लुटतो आणि घरी परततो. हा पेरेग्रिनस मात्र शिवेच्या त्या बाजूचाच माणूस. थोडक्यात, परका.

आता गंमत बघा. हा माणूस कधी घराबाहेर पडला असेलच असं नाही! रोमचं राज्य वाढत गेलं, इजिप्तपर्यंत पोचलं. तिथला शेतकरी आपल्याच बांधावर उभा होता, पण रोमच्या कायद्यानं तो परका ठरला. पेरेग्रिनस हा प्रवासी नव्हता, तो एक दर्जा होता. त्याला व्यापार करता येई, मालमत्ता ठेवता येई. मत मात्र नाही. रोमन नागरिकाशी कायदेशीर लग्न करायचं तर खास परवानगी लागे. खुद्द रोममध्ये परक्यांचे तंटे सोडवायला इसवी सनापूर्वी 242च्या सुमारास वेगळा न्यायाधिकारी नेमला गेला. आपल्यापैकी जे ग्रीन कार्डवर आहेत, कर भरतात आणि निवडणुकीच्या दिवशी घरी बसतात, त्यांना हे फार जुनं वाटणार नाही.

मग इसवी सन 212 मध्ये काराकाला बादशहानं एका फर्मानानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकलं. त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो, हे सगळं जास्त कर गोळा करण्यासाठी. असेलही!

शब्दाला पाय फुटले ते परमुलखात जाणं, राहणं या अर्थानं. पुढे ख्रिस्ती साधूंनी तो उचलला. आयर्लंडचे साधू घर, गणगोत सोडून देवासाठी परके होत. कोलम्बा 563 मध्ये असाच स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला. आपला वारकरी काला झाला की घरी येतो, पेरणीची चौकशी करतो. या साधूंच्या व्रतात घरी परतणं बसत नव्हतं.

बोलता बोलता पेरेग्रिनसमधल्या पहिल्या 'र'चा 'ल' झाला. आपल्या हरिद्रेची हळद झाली, तसंच काहीसं. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'पिल्ग्रिम' आला. म्हणजे यात्रेकरू आणि परका हे मुळात एकच. बहिरी ससाण्याचं इंग्रजी नाव पेरेग्रिन, तेही यातलंच: घरट्यातून उचललेलं नव्हे, तर स्थलांतराच्या वाटेवर पकडलेलं पाखरू.

आता इथलीच एक गोष्ट. 1620च्या नोव्हेंबरात मेफ्लॉवर जहाज केप कॉडला नांगर टाकून उभं होतं. विल्यम आणि सुझाना व्हाइट या जोडप्याला जहाजावरच मुलगा झाला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं पेरेग्रिन. आपल्या भाषेत सांगायचं तर 'परदेशी'. काही महिन्यांतच बाप वारला, आईनं दुसरं लग्न केलं. मुलगा मात्र तगला, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्डला शेती करत राहिला आणि 1704 मध्ये, ऐंशी ओलांडून, तिथंच वारला.

त्याचे आईवडील समुद्र ओलांडून आले होते, तो नाही. आणि त्या किनाऱ्यावर आधीपासून नांदणाऱ्या वाम्पानोआग लोकांच्या लेखी शिवेपलीकडचा कोण होता, हे वेगळं सांगायला नको. आयुष्यभर लोक त्याला 'परदेशी' म्हणून हाक मारत राहिले, आणि तो ओ देत राहिला.

तुमच्या घरी मुलांची नावं ठेवताना काय काय वाद झाले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू नवा शब्द घेऊन. नमस्कार.