वाळवंटातील दऱ्या

प्रवासाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार ज्याने पुष्कळ प्रवास केला त्याला. माझा आयुष्यातील बहुतेक प्रवास उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्थानकांच्या दरम्यान, तोही लोकलगाडीच्या दाराशी उभे राहून झाला. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढे अडतीस वर्षे या तीन गावांतील मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर एक नागमोडी रेघ ओढावी, तिच्या दोन्ही अंगांस उतार दाखवावेत आणि म्हणावे, ‘मुलांनो, ही नदी, आणि ही तिने कोरलेली दरी.’ या धड्यात कोलोरॅडो नदीचे नाव हटकून येई. ते मी इतक्या वेळा उच्चारले होते की ती नदी आपल्या पाहण्यातलीच आहे असा माझा समज होऊन बसला होता.

ती नदी मी प्रत्यक्ष पाहिली २०१७ च्या जुलै महिन्यात, निवृत्तीनंतर एका वर्षाने. माझा मुलगा अमेरिकेतील अ‍ॅरिझोना संस्थानात, फिनिक्स शहरी नोकरीस आहे. नातवाला सुटी होती, सूनबाईंनी रजा मिळवली होती, आणि आम्हां उभयतांना मोटारीत बसवून चार दिवस त्या वाळवंटी मुलखातील दऱ्या दाखवण्याचा बेत ठरला. प्रवासासाठी म्हणून मी निघण्यापूर्वीच उल्हासनगरच्या बाजारातून एक टोपी आणि बूट खरेदी केले होते. टोपीवर ठळक अक्षरांत ‘यू.एस.ए.’ असे होते. आमच्याकडे या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावतात, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. टोपी अजून शाबूत आहे. बुटांचे तळवे मात्र पहिल्याच दिवशी खऱ्या यू.एस.ए.ने काढून घेतले.

फिनिक्सला वर्षाकाठी सरासरी सुमारे २०० मिलीमीटर पाऊस पडतो. तेवढा आमच्याकडे आषाढातील एका रात्रीत पडलेला मी पाहिला आहे. तरीही तेथील लोक उन्हाळ्यात येणाऱ्या त्या तुरळक वळवासारख्या सरींना ‘मॉन्सून’ असेच म्हणतात. ते ऐकून मला हसू आले. मुलगा म्हणाला, “बाबा, हसू नका. इथे पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा वेगळाच पडतो.” पुढे दोनच दिवसांनी हेच वाक्य मी त्याला ऐकवणार होतो.

पहिल्या दिवशी ग्रँड कॅनियन. देवदार-पाइनच्या झाडीतून आपण सपाट जमिनीवरून चालत असतो आणि चालता चालता जमीनच संपते. दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे, हे आकडे मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. कठड्याला धरून उभा राहिलो तेव्हा त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. खाली पाहिले तर नदी म्हणजे एक मळकट दोरा. तिचा आवाजसुद्धा वर येत नव्हता. आणि माझी फळ्यावरची आकृती चुकीची होती! मी दोन्ही बाजूंस गुळगुळीत उतार काढत असे. येथे तर दरीचे अंग पायऱ्यापायऱ्यांचे आहे. चुनखडीचा किंवा वालुकाश्माचा कठीण थर आला की उभा कडा. मऊ, मातकट थर आला की उतार. पुन्हा कडा, पुन्हा उतार. कोरड्या हवेत दगड कुजत नाही, त्यावर माती साचत नाही, झाडे वाढत नाहीत. म्हणून प्रत्येक थर आपला रंग आणि आपला कणखरपणा उघडा ठेवून उभा असतो. अडतीस वर्षे मी मुलांना कोकणातला डोंगर काढून दाखवत होतो आणि त्याला कोलोरॅडोचे नाव देत होतो.

याच ठिकाणी आमच्या सौभाग्यवतींना एक आश्चर्य लाभले. दरीतून वर आलेल्या एका सुळक्याचे नाव नकाशात ‘विष्णू टेंपल’, दुसऱ्याचे ‘ब्रह्मा’, तिसऱ्याचे ‘शिवा टेंपल’. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने या दरीवरील आपला मोठा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध केला. पूर्वेकडील देवतांची नावे या शिखरांना देण्याची चाल त्याच्यापासून पडली. तळाशी जो अतिप्राचीन काळसर खडक आहे त्यालाही विष्णूचेच नाव आहे, आणि त्याचे वय १७० कोटी वर्षांहून अधिक आहे. कठड्यावरचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत तरुण चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. आमचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. आणि ते ज्या काळ्या पाषाणात घडवले तो आपल्या दख्खनच्या लाव्हाचा दगड जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्या देवळाच्या सहलीत मी मुलांना सांगत असे, ‘हा पृथ्वीवरचा अत्यंत पुरातन दगड.’ एकाही मुलाने हरकत घेतली नव्हती. हरकत न घेणारी मुले आम्हां मास्तरांना आवडतात, त्याचे हे फळ.

या दरीतून होडीने प्रथम जाण्याचे साहस १८६९ साली ज्या जॉन वेस्ली पॉवेलने केले, तोही पूर्वी शाळामास्तरकी केलेला मनुष्य होता. त्याचा एक हात युद्धात गेलेला होता. मी पायवाटेने जेमतेम फर्लांगभर उतरलो आणि तळवे निघालेले बूट हातात घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी पेज या गावाजवळची अँटिलोप कॅनियन. ही दरी नाव्हाहो या मूळच्या रहिवाशांच्या भूमीत आहे आणि त्यांचा वाटाड्या घेतल्यावाचून आत जाता येत नाही. ग्रँड कॅनियन जितकी अवाढव्य, तितकी ही चिंचोळी. जमिनीला पडलेल्या चिरेतून शिडीने खाली उतरायचे आणि मग दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशा वाटेने जायचे. भिंती नारिंगी, जांभळ्या, आणि अशा वळलेल्या की जणू ओले लुगडे पिळून वाळत घातले आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा हा दगड. पाण्याने त्याला असा आकार दिला. पाणी मात्र कोठेही नव्हते. पायांखाली कोरडी, पिठासारखी वाळू.

नातवाने वर बोट दाखवले. आमच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, दोन भिंतींच्या मध्ये एक ओंडका आडवा अडकला होता. “आजोबा, हा तिथे कोणी ठेवला?” आमची वाटाडी एक नाव्हाहो तरुणी होती. तिने शांतपणे सांगितले, पाण्याने. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच दरीत अकरा प्रवासी वाहून मेले. पाऊस झाला तो काही मैल वरच्या अंगाला. तेथील जमीन उघडा खडक; पाणी धरून ठेवायला ना माती, ना मुळे. पडलेला थेंब न थेंब वाहत सुटतो आणि अशा चिंचोळ्या फटीत शिरला की त्याची भिंत होते. त्यानंतर मी त्या भिंतींचे रंग पाहिले नाहीत. वरची निळी पट्टी तेवढी पाहत चालत राहिलो.

तिसऱ्या दिवशी झायन. येथे व्हर्जिन नदीच्या काठाने पाऊलवाट जाते, ती एका ठिकाणी संपते आणि पुढे नदी हीच वाट होते. पाण्यात काठी टेकत, शेकडो मीटर उंच कड्यांच्या मधून चालत जायचे. पाणी पोटरीइतके. आकाश स्वच्छ. माणसे हसतखिदळत आत जात होती. मुलाने भाड्याच्या काठ्या आणल्या, नातवाने पाण्याचे जोडे चढवले. फलकावर त्या दिवसाचा अंदाज लिहिला होता : अकस्मात पूर ‘शक्य’.

मी म्हणालो, “आपण जायचे नाही.”

“बाबा, ‘शक्य’ म्हणजे या दिवसांत रोजच असते. धोका असता तर त्यांनी वाट बंदच केली असती.”

“मग तू जा. मुलाला मी पाठवणार नाही.”

शब्दाला शब्द वाढला. हजारो मैल आणून, पैसे खर्चून, वडील असे वागतात याचा त्याला राग आला, आणि त्याचा राग मला आजही अन्यायाचा वाटत नाही. याच उद्यानातल्या दुसऱ्या एका अरुंद दरीत १४ सप्टेंबर २०१५ रोजी सात जण पुरात गेले होते. पण ते माझ्या हट्टाचे कारण नव्हते. नातू रडला. आम्ही सारा दिवस काठावर बसून काढला. पूर आला नाही. संध्याकाळी आत गेलेली सगळी माणसे भिजलेली आणि आनंदित अशी परत आली.

रात्री मुक्कामाच्या ओसरीवर मी मुलाला एक गोष्ट सांगितली. २६ जुलै २००५, मंगळवार. तेव्हा तो पुण्यास शिकत होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला हे सर्वांस स्मरते. आमच्या शाळेत मुख्याध्यापक नव्हते, ज्येष्ठ म्हणून निर्णय माझा होता. दुपारी पाऊस काहीसा उणावल्यासारखा वाटला. पुन्हा वाढण्यापूर्वी मुले घरी पोचावीत म्हणून मी शाळा सोडली. आमच्या डोक्यावर पाऊस उणावला होता. वर राजमाची-खंडाळ्याकडे, जेथून उल्हास येते, तिकडे काय चालले आहे याचा विचार भूगोलाच्या मास्तराने केला नाही. पाचवीतला एक मुलगा ओढ्यापलीकडच्या पाड्यात राहत असे. उल्हासला फुगवटा येऊन ओढ्याचे पाणी मागे फिरले होते. तो रात्री घरी पोचला नाही, दुसऱ्याही रात्री नाही. तिसऱ्या दिवशी समजले की एका ठाकरणीने त्याला काठावरच्या करवंदीच्या जाळीतून ओढून काढले आणि आपल्या झोपडीत ठेवले होते. त्याचा बाप मला भेटला. तो मला एक शब्दही बोलला नाही, उलट ‘गुरुजी, तुम्ही बसा’ म्हणाला. मी बसलो नाही. ही गोष्ट मी घरी कोणास सांगितली नव्हती.

मुलगा ऐकत राहिला. काही बोलला नाही. मग आत जाऊन त्याने माझ्यासाठी पांघरूण आणले. वाळवंटात रात्री गारवा असतो.

चौथ्या दिवसाच्या ब्राइस कॅनियनविषयी थोडेच सांगतो. तिला दरी म्हणणे बरोबर नव्हे. ती पठाराची झिजलेली कड आहे. भेगांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि दगड फोडते. त्यातून हजारो गुलाबी खांब उरले आहेत. सौभाग्यवती म्हणाल्या, “वारीच थांबून राहिली आहे जणू.” नातवाने वारी पाहिलेली नाही, म्हणून त्याला तेथेच पालखी, टाळ, रिंगण असे सर्व समजावून देण्यात आमचा तास गेला. त्याचा रुसवा तेथे संपला.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास पुन्हा चढली. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. तिच्यातील हजाराच्या आसपास उतारूंना होड्यांनी बाहेर काढावे लागले. आमच्या गल्लीत पाणी पायरीशी आले होते. फिनिक्सहून मुलाचा फोन आला. बदलापुरात पाऊस किती आहे असे त्याने विचारले नाही. त्याने विचारले, “बाबा, वर खंडाळ्याकडे किती पडतो आहे?”