कालवडीचे पहिले दिवस

मंडळी, गाय विकत घ्यायची झाली म्हणजे आपण कास पाहतो, सड पाहतो, दात मोजतो. पण आपल्याच गोठ्यात कालवड जन्मली, की तिला कोपऱ्यात बांधून मोकळे होतो. आमचं म्हणणं असं, की पुढं ती किती दूध देईल याचा बराच निकाल त्या कोपऱ्यातच लागतो.

पहिली गोष्ट चिकाची. माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजण्याची काही ताकद आईच्या पोटातच मिळते. वासराला ती तिथं मिळत नाही, चिकातूनच मिळते. आणि वेळ फार थोडा असतो. एक दिवस उलटला, की चीक पाजूनही ती ताकद रक्तात उतरत नाही.

तरी पुष्कळ घरी म्हणतात, "वार पडू द्या, मग पाजू." वार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. तोवर वासरू उपाशी! वारेचा आणि चिकाचा काही संबंध नाही. तासाभरात वासरू कासेला लावा. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी निदान अडीच लिटर चीक हवा, दोन-तीन वेळा मिळून. खरवस आम्हांलाही आवडतो. पण तो वासराचं पोट भरल्यावर उरेल त्याचा.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. जागा कोरडी ठेवा.

आता दुधाचा हिशोब. डेअरीत दूध जास्त जावं म्हणून आपण वासराचं तोडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली आपल्या गोठ्यातल्या नोंदी छापल्या. दूध पिण्याच्या वयात जी कालवड रोज शंभर ग्रॅम जास्त वाढली, तिनं पहिल्या वेतात सुमारे 85 किलो दूध जास्त दिलं. त्यांच्या गाई वेगळ्या, चारा वेगळा. आकडा आपल्याकडे तोच येईल असं नाही, पण दिशा तीच. चांगली पोसलेली संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत विते. उपाशी ठेवलेली चार वर्षं घेते. ते जादा वर्ष कडबा खाते, दूध देत नाही.

दोन आठवड्यांनी थोडा कोवळा चारा, भरडा आणि स्वच्छ पाणी पुढं ठेवा. संग्रामपूरकडे कापूस पिकतो, म्हणून सरकीची ढेप सहज हाताशी येते. ती गाईला घाला, लहान वासराला नको. सरकीत विषारी अंश असतो. रवंथ नीट सुरू न झालेल्या पोटाला तो बाधतो. म्हशीच्या वगारीला दुधातूनच जंत होतात, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या.

शेवटी लस. गाभ टाकण्याचा एक रोग आहे, ब्रुसेल्लोसिस. तो माणसालाही होतो. त्याची लस मादी वासराला वयाच्या 4 ते 8 महिन्यांत एकदाच टोचतात. म्हणून कालवड जन्मेल त्या दिवशीच गोठ्याच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येतं.