सवलतीची धार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सणासुदीची खरेदी' हा विषय मला नेमून दिला आहे. मी काही अर्थशास्त्राची पंडिता नव्हे. मला छंद आहे तो सुऱ्या, विळ्या आणि अडकित्ते जमवण्याचा. बायकांना साड्यांचा नाद असावा, दागिन्यांचा असावा. हिला हा लोखंडाचा नाद कुठून लागला, असे घरचेही म्हणतात. पण पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नादाचे नवल वाटणार नाही.

या छंदाचा खरेदीशी संबंध आहे तो असा. छंदिष्ट माणूस एकाच जातीच्या वस्तूवर वर्षभर नजर ठेवतो. त्यामुळे त्याला दोन गोष्टी कळतात : कालचा भाव आणि वस्तूची पारख. सणाच्या 'सेल'ची सारी भिस्त आपल्याला या दोन गोष्टी ठाऊक नसण्यावर असते.

आधी भावाचे पाहू. माझी एक भाववही आहे. भाजी चिरायची एक सुरी श्रावणात ४२० रुपयांना मिळत होती. नवरात्रात तिच्यावर पाटी लागली : '९९९ रुपये' खोडलेले, '५५ टक्के सूट', किंमत ४४९. म्हणजे सूट देऊन सुरी २९ रुपयांनी महाग झाली! यात कायदा मोडला असेही नाही. वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत ही फक्त वरची मर्यादा. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण ती किती छापावी हे माल बनवणाराच ठरवतो. तेव्हा खोडलेल्या आकड्याशी तुलना करू नये, आपल्या वहीतल्या आकड्याशी करावी.

दुसरी गंमत टक्क्यांची. '२० अधिक २० टक्के सूट' म्हणजे ४० टक्के नव्हे. शंभराचे ऐंशी झाले, त्या ऐंशीवर वीस टक्के म्हणजे सोळा गेले, उरले चौसष्ट. सूट ३६ टक्क्यांचीच. 'तीन घ्या, दोनांचे पैसे द्या' यात सूट तेहतीस टक्क्यांची, पण तीही तिन्ही वस्तू हव्या असतील तरच. आणि '७० टक्क्यांपर्यंत' या शब्दातले 'पर्यंत' नेहमी मुंगीएवढ्या अक्षरात असते. ते सत्तर टक्के कोपऱ्यातल्या एखाद्या वस्तूवर असतात, आपण हात लावतो तिच्यावर नसतात.

आता पारखीचे. सुरीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली की 'दमास्कस' म्हणून भाव चढतो. मूळच्या दमास्कस पोलादाची कच्ची लादी आपल्या दक्षिण भारतातून पश्चिम आशियात जात असे. आज त्या नावाने विकतात ते बहुधा दोन प्रकारच्या पोलादांचे थर ठोकून जोडलेले पाते. ते थर खरे असतील तर पात्याच्या पाठीवरही बारीक रेघांनी दिसतात. पाठ कोरी आणि नक्षी फक्त अंगावर, असे असेल तर ती वरवर उठवलेली रांगोळी समजावी. 'सर्जिकल स्टील' म्हणजे पोलादाची कुठली एक ठरलेली प्रत नव्हे. 'जर्मन स्टील' लिहिले म्हणून सुरी जर्मनीत घडली असे होत नाही. वेष्टनावर उत्पादनाचा देश पाहावा. त्या देशात सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन शहराचे नाव भलत्या मालावर घालू नये म्हणून १९३८ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे. नावालाही किती किंमत असते ते यावरून कळेल.

सणासाठी कधी कधी वेगळाच माल येतो. नाव तेच, चित्र तेच, नमुन्याच्या क्रमांकात एक अक्षर वेगळे. आणि हातात घेतले की पाते पातळ, मूठ पोकळ. म्हणून क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून पाहावा आणि जमल्यास वजनही करावे.

आता जे सांगते ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. माझ्या ओळखीच्या एक बाई चार घरी पोळ्या करतात. मुलीच्या शिकवणीची फी भरायची म्हणून त्यांनी भिशी लावली होती. दिवाळीच्या तोंडावर रक्कम हातात आली आणि एका दुकानात 'पंधरा नगांचा संच, ४,९९९ चा फक्त १,९९९ ला, आजच्या दिवसापुरता' ही पाटी दिसली. त्या पंधरांत सहा काटे-सुऱ्या पाहुण्यांच्या टेबलासाठीच्या, एक लाकडी ठोकळा, एक कात्री, एक सोलाणे. वापरात आल्या दोन सुऱ्या. तशा दोन बाजारात चारशेला मिळतात. फीचा हप्ता चुकला. आठवड्याने मी त्या दुकानावरून गेले तेव्हा 'आजच्या दिवसापुरता' ही पाटी तशीच होती. भगिनींनो, त्या बाईंना हिशेब येत नाही असे नाही; चार घरचा हिशेब त्या तोंडी ठेवतात. त्यांना विचार करायला वेळ मिळू दिला नाही, एवढेच.

घाई लावणे हेच या धंद्याचे मोठे हत्यार. मोबाइलवर तर उलटे चालणारे घड्याळ असते, 'शेवटचे दोनच नग' असते, आणि नको म्हणायचे तर 'मला बचत नको' असे लिहिलेल्या जागी बोट ठेवावे लागते! केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, ग्राहकाला लाजवणे, किमतीतले आकार शेवटी उघड करणे हे सारे तीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पावती आणि जाहिरातीचे छायाचित्र मात्र जपून ठेवायला हवे.

दुकानदार सगळेच लबाड, असे मी म्हणणार नाही. जुना माल काढून भांडवल मोकळे करणे ही त्यांची खरी गरज असते, आणि अशा वेळी खरी सूटही मिळते. माझ्या संग्रहातल्या दोन चांगल्या सुऱ्या तशाच आल्या आहेत. पण ती सूट ओळखता आली ती वहीमुळे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण एक सामाईक भाववही ठेवू या. कुकर, मिक्सर, डबे, सुऱ्या, चादरी अशा वीस वस्तू घ्याव्यात आणि ज्येष्ठापासून दर महिन्याला प्रत्येकीने एकेका वस्तूचा भाव लिहावा. दिवाळीपर्यंत पाच-सहा नोंदी होतील. वही मंडळाच्या टेबलावर राहील. सभासद नसलेल्या बायकांनीही ती पाहावी, पोळ्या करणाऱ्या बाईंनी तर आधी. आणि पाचशे रुपयांवरची वस्तू पाटी पाहिल्या दिवशी घ्यायची नाही, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, एवढा नेम प्रत्येकीने करावा. खरी सूट बहुधा उद्याही असते. आणि नसली तरी घरातली जुनी विळी काही रुसून बसत नाही. तिला धार लावून घेतली की ती आणखी दहा वर्षे चालते.

खंडेनवमीला आपण विळी, सुरी, कात्री मांडून हळदकुंकू वाहतो. यंदा त्या पूजेत ही वहीही मांडावी. तीही घरातले एक हत्यारच आहे.