नियम कोणाला राखतो?



छोट्या विमानाच्या हवाई कसरती पाहताना धाडसाचेच कौतुक होते. आज आपण त्यामागचे कायदे आणि साधने पाहू. अमेरिकेच्या हवाई नियमावलीतले दोन नियम घेतो. ते ऐकताना एवढेच विचारा की, हा नियम कोणाला राखतो?

पहिला नियम ९१.३०३. दाट वस्तीवर किंवा उघड्यावर जमलेल्या लोकांच्या डोक्यावर कसरती करायच्या नाहीत. ठरलेल्या हवाई मार्गाच्या मध्यरेषेपासून चार सागरी मैलांच्या आत करायच्या नाहीत. दृश्यमानता तीन मैलांपेक्षा कमी असेल किंवा जमीन १५०० फुटांपेक्षा जवळ असेल, तरीही नाहीत. ताशी २०० किलोमीटर वेगाने सरळ खाली येणारे विमान १५०० फूट अवघ्या आठ सेकंदांत संपवते. चूक ओळखायला आणि सावरायला मिळतो तो एवढाच वेळ. प्रदर्शनात विमाने याहून खाली येतात ती खास परवानगीने.

दुसरा नियम ९१.३०७. सोबत प्रवासी असेल आणि विमान ६० अंशांहून जास्त कलवायचे असेल, किंवा नाक क्षितिजाच्या ३० अंशांहून वर-खाली न्यायचे असेल, तर दोघांच्याही अंगावर मान्यताप्राप्त पॅराशूट हवे. कृत्रिम धाग्याचे पॅराशूट मागच्या १८० दिवसांत परवानाधारक तज्ज्ञाने घडी घालून बांधलेले असावे. रेशमी असेल तर ६० दिवसांत.

आणि वैमानिक एकटाच असेल तर? हा नियम त्याला पॅराशूटची सक्ती करत नाही. यात विसंगती वाटेल, पण तर्क स्वच्छ आहे. खाली उभ्या माणसाने, शेजारून जाणाऱ्या विमानाने किंवा मागच्या आसनावरच्या पाहुण्याने हा धोका तोलून पत्करलेला नसतो. कायदा आधी त्यांना राखतो. वैमानिकाचा जीव बराचसा त्याच्याच तयारीवर सोडलेला असतो.

ही तयारी म्हणजे काय? कसरतीच्या वर्गातले विमान गुरुत्वाच्या सहापट भार सोसेल असे बांधतात; उलट दिशेने तिप्पट. सहापट भाराखाली सत्तर किलोचा माणूस ४२० किलोचा होतो. उलट्या विमानात तोच माणूस आसनातून सुटू पाहतो, म्हणून पाच टोकांचे पट्टे. मांड्यांमधला पाचवा पट्टा कमरेचा पट्टा वर सरकू देत नाही. विमान सोडायची वेळ आली तर आधी छत उडवायचे, मग आसनाचे पट्टे सोडायचे, मग उडी. घाईत हात पॅराशूटच्या बकलावर जाऊ नये, म्हणून हा क्रम जमिनीवर घोकून घ्यायचा.

पण तयारी साधनांवर संपत नाही. १९७० साली इंग्लंडमध्ये हलाविंग्टन येथे कसरतपटू वैमानिक नील विल्यम्स यांच्या झ्लिन विमानाचा डावा पंख सरावात मुळाशी निखळला आणि वर दुमडू लागला. त्यांनी विमान उलटे केले. उलट्या भाराने पंख जागेवर बसला. उलट्या स्थितीतही चालणाऱ्या इंजिनाने त्यांना धावपट्टीपर्यंत आणले. जमिनीलगत त्यांनी विमान सुलटे केले आणि ते जिवंत बाहेर आले. ही कल्पना त्यांना सुचली, कारण झ्लिनचाच पंख बिघडलेल्या एका बल्गेरियन वैमानिकाची हकिगत त्यांना ठाऊक होती.

म्हणून माझ्या यादीत पट्टे आणि पॅराशूटच्या शेजारी अपघाताचा प्रामाणिक अहवालही आहे. कायदा इतरांना राखतो. वैमानिकाला राखतो तो दुसऱ्या वैमानिकाने न लपवलेला अनुभव.