कांचनगंगेचा चढ आणि उतार

हिवाळ्यांतील निरभ्र सकाळीं शनिवार पेठेंतील एखाद्या उंच गच्चीवर उभे राहिलें, तर नैर्ऋत्येकडे सिंहगडाची निळसर कड नजरेस पडते. पेठेंतील मुलाची डोंगराशीं पहिली ओळख होते ती पर्वतीच्या पायऱ्यांवर. दुसरी सिंहगडाच्या वाटेवर. काळा पाषाण, करवंदीच्या जाळ्या, देवटाक्याचें गार पाणी आणि वर पोंचल्यावर मडक्यांतील दहीं, एवढें त्याचें गिरिवैभव. सिंहगडाची उंची सुमारें १३०० मीटर. उभ्या सह्याद्रींत उंच गणलें जाणारें कळसूबाईचें शिखर तें १६४६ मीटर. या डोंगरांत धुकें आहे, पाऊस आहे, घसरडें गवत आहे. परंतु बर्फ नाहीं. असें असूनहि १५ मे २०१९ रोजीं पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेचे दहा गिर्यारोहक ८५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेच्या माथ्यावर पोंचले. ज्यांच्या जन्मभूमींत हिमाचा कणहि नाहीं, त्यांनीं हें कसें साधलें, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत साहजिकच येईल.

कांचनगंगा नेपाळ व सिक्कीम यांच्या सीमेवर उभी आहे. एव्हरेस्ट व के-टू या दोन शिखरांनंतर पृथ्वीवर तिचाच क्रम लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीच जगांत सर्वांत उंच आहे अशी समजूत होती; पुढें भारतीय सर्वेक्षण खात्याच्या गणितानें तो मान एव्हरेस्टला दिला. तिच्या नांवाचा अर्थ महान् हिमाचीं पांच भांडारें असा सांगतात. सिक्कीमची जनता तिला देवता मानते. १९२९ व १९३१ या सालीं पॉल बाउअर यांच्या जर्मन पथकांनीं सिक्कीमच्या बाजूनें निकराचे प्रयत्न केले; दोन्ही वेळां त्यांस माघार घ्यावी लागली. अखेर २५ मे १९५५ रोजीं चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश पथकांतील जॉर्ज बँड व जो ब्राउन हे नेपाळच्या बाजूनें वर गेले. पण माथ्याच्या कांहीं पावलें अलीकडेच थांबले. सिक्कीमच्या महाराजांस तसें वचन दिलेलें होतें. १९७७ सालीं कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय सेनेच्या पथकानें, जर्मनांस न साधलेल्या ईशान्येकडील धारेनें शिखर गांठलें. त्यांनींहि तीच मर्यादा पाळली. जेथें सारे कष्ट सफळ व्हावयाचे तेथेंच पाऊल आवरणें, याला चढण्याहून निराळें बळ लागतें.

आतां बर्फाचा विचार करूं. हिमनदी ही नांवाप्रमाणें खरोखरच वाहते. वर्षानुवर्षें सांचलेलें हिम स्वतःच्या भारानें दबून त्याचा घट्ट बर्फ होतो व तो उतारावरून मंदगतीनें सरकूं लागतो. वाटेंत खडकाचा उंचवटा आला कीं त्यास भेगा पडतात. त्यांतील कांहीं भेगा इमारतीहून खोल असतात व कित्येकांवर ताज्या हिमाचा पातळ पूल पसरलेला असतो. वरून तें सपाट मैदान भासतें. म्हणून तेथें मनुष्य एकटा चालत नाहीं. चौघेपांचजण एका दोरांत बांधून घेतात, म्हणजे एकाचें पाऊल चुकलें तर इतरांनीं त्यास सांवरावें. मध्यरात्रीं निघण्याची चाल पडली आहे तीहि याच कारणानें. थंडीनें हिम घट्ट असतें. सूर्य वर आला कीं तें सैल होऊन कडे ढासळूं लागतात.

दुसरा वैरी विरळ हवा. साडेपांच हजार मीटरांवर समुद्रकांठच्या तुलनेनें निम्माच प्राणवायु मिळतो. कांचनगंगेच्या माथ्यावर केवळ तिसरा हिस्सा. यास्तव गिर्यारोहक आज वर जातो, उद्यां खालीं येऊन निजतो, पुन्हां थोडा अधिक वर जातो. अशा येरझारांत रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात व शरीर हळूहळू सरावतें. तथापि आठ हजार मीटरांच्या वर कोणतेंहि शरीर सरावत नाहीं. तेथें प्रत्येक तास हा शक्तीच्या शिलकेंतून खर्ची पडतो.

ही विद्या सह्याद्रींत मिळत नाहीं. ती दार्जिलिंग येथील १९५४ सालीं निघालेल्या व उत्तरकाशी येथील १९६५ सालीं निघालेल्या गिर्यारोहण-शाळांतून शिकावी लागते. परंतु शाळेपूर्वीची शिस्त सह्याद्रीच देतो. दोराची गांठ दोनदां तपासणें, पाठीवरील ओझ्याची कुरकुर न करणें, थकलेल्या सोबत्याच्या चालीनें चालणें, या गोष्टींना बर्फ लागत नाहीं. ‘गिरिप्रेमी’ची स्थापना १९८२ सालची. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालीं तिनें २०१२ सालीं एव्हरेस्ट गांठलें, म्हणजे तीस वर्षांनीं. पुढें ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी व मनास्लू हीं शिखरें झालीं आणि मग कांचनगंगेची पाळी आली. ही उडी नव्हे. हा जिना आहे. या जिन्याला शेर्पा बंधूंचा खांदा लागलेला आहे हेंहि विसरतां कामा नये. कड्यांवर दोर बांधणें, वरच्या तळांवर तंबू व प्राणवायूच्या नळ्या पोंचविणें हें जोखमीचें काम बहुतांशीं तेच करतात.

कांचनगंगेच्या शेवटच्या तळापासून माथ्यापर्यंतची चढण फार लांब आहे. संध्याकाळीं निघालेला मनुष्य रात्रभर चढत राहतो व दुसऱ्या दिवशीं वर पोंचतो. तेव्हां त्याच्या अंगांतील बळ सरलेलें असतें आणि वाट मात्र निम्मीच झालेली असते. ज्या दिवसांत पुण्याचे दहाजण वर गेले, त्याच दिवसांत त्याच पर्वतावर बंगालचे दोन गिर्यारोहक मृत्यु पावले. तेहि अननुभवी नव्हते. एकाच हिमावर, एकाच हवेंत, एका घरीं आनंद पोंचला व दुसऱ्या घरीं आकांत. त्या दोन घरांचें स्मरण ठेवल्यावांचून या यशाची वार्ता पुरी होत नाहीं.

म्हणून पर्वतावर निघालेल्या मुलाला वडील माणसांनीं काय विचारावें? ‘तूं माथा गांठशील काय?’ हा प्रश्न सोपा आहे. त्याला प्रत्येक तरुण होकारच देईल. ‘माथा समोर दिसत असतां, ठरलेली वेळ टळली म्हणून तूं परत फिरशील काय?’ हा प्रश्न खरा. त्याचें उत्तर जो घरींच, उंबरठ्यावर उभा राहून, शांतपणें देऊं शकतो, त्यास आईनें निःशंक मनानें निरोप द्यावा. माघार घेणाऱ्यास भित्रा म्हणणारे लोक गांवांत पुष्कळ भेटतात. ते स्वतः सिंहगडाच्या पायथ्याशींच बैलगाडी किंवा मोटार शोधीत असतात.

शिखरें कोठें जात नाहींत. आज न साधलेला माथा पुढच्या वर्षीं तेथेंच असतो. चढणारानें मात्र पुढच्या वर्षीं असलें पाहिजे. पेठेंतील जिना चढून दाराची कडी वाजविली, आंतून ओळखीचा आवाज आला, म्हणजे मग कांचनगंगेची चढाई संपली असें समजावें.